मोठी खरेदी क्रमाने कशी करावी: ॲप, शोरूम आणि हप्त्यांच्या रचनेत निर्णय आपल्या हाती ठेवण्याची पद्धत

नवरात्र जवळ आले की वडोदऱ्यात रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत दुकानांवर सवलतींचे फलक लागतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर सणाच्या विक्रीच्या सूचना येऊ लागतात. या दिवसांत एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा मोबाइल घेणाऱ्या अनेक कुटुंबांचा क्रम ठरलेला दिसतो: आधी ऑफर नजरेस पडते, मग महिन्याचा हप्ता झेपेल असे वाटते, त्यानंतर मॉडेल निवडले जाते आणि वस्तू घरी आल्यावर आपल्याला नेमके काय हवे होते याचा विचार सुरू होतो. विक्रेत्याला हाच क्रम सर्वाधिक फायद्याचा असतो. शोरूममधील मांडणी, ॲपमधील पानांची रचना आणि कर्जाच्या योजना हा क्रम मोडू नये अशाच बेताने आखलेल्या असतात. पुढील टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. उदाहरणे मुख्यतः एसी आणि फ्रिजची घेतली आहेत, मात्र ज्या वस्तूसाठी महिन्याच्या खर्चाबाहेरचे पैसे काढावे लागतात अशा कोणत्याही खरेदीला ही पद्धत लागू पडते.

या कामासाठी साधारण एक आठवडा हाताशी ठेवावा. एक वही, मोजपट्टी, मध्य गुजरात वीज कंपनीचे उन्हाळ्यातले एक बिल आणि ज्या कार्डावरून पैसे देण्याचा विचार आहे त्याचे ताजे विवरण एवढेच साहित्य लागते.

टप्पा १: ॲप उघडण्याआधी गरज लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात: वस्तू कोणत्या कामासाठी हवी, ती दिवसातून किती तास वापरली जाईल, ती कोठे बसेल आणि तिच्यावर जास्तीत जास्त किती रक्कम खर्च करायची. एसी असेल तर खोलीची लांबी-रुंदी, भिंत कोणत्या दिशेला आहे, वर गच्ची आहे की दुसरा मजला, बाहेरचे युनिट कोठे बसेल आणि त्या खोलीत जाड वायरचे स्वतंत्र कनेक्शन आहे का, हेही लिहावे. साधारण १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टनाचा एसी पुरतो. पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात थेट गच्चीखालच्या किंवा पश्चिमेचे ऊन घेणाऱ्या खोलीला याहून अधिक क्षमता लागू शकते. फ्रिज असेल तर स्वयंपाकघरातील जागेबरोबर जिन्याचे वळण आणि दाराची रुंदीही मोजावी. रावपुरा, दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यातील जुन्या घरांत अडचण बहुधा फ्रिज वर नेताना येते, ठेवताना नव्हे.

हे लेखन आधीच करण्याचे कारण असे, की दर एकदा डोळ्यांसमोर आला की गरज त्या दराभोवती वळू लागते. समजा, एका पानावर २४० लिटरचा फ्रिज २४,००० रुपयांना, २६० लिटरचा ३०,५०० रुपयांना आणि ३०० लिटरचा ३१,५०० रुपयांना दाखवला आहे. मधला फ्रिज फारसे कोणी घेणार नाही. त्याच्या शेजारी ठेवल्यामुळे तिसरा स्वस्त वाटावा एवढेच त्याचे काम असते, आणि २४० लिटरची गरज असलेले कुटुंब “हजारच तर जास्त” असे म्हणत प्रत्यक्षात ७,५०० रुपये अधिक देऊन येते. वहीत आकडा लिहिलेला असेल तर तुलना तिसऱ्या आणि पहिल्या फ्रिजमध्ये होते, आणि खरी तुलना तीच असते.

तपासणी: घरातील सर्व निर्णय घेणाऱ्या माणसांनी पान वाचून होकार दिला आहे का? शोरूममध्ये विक्रेत्यासमोर मतभेद उघड झाले, तर तो त्यांतील अधिक खर्चिक मताच्या बाजूने बोलतो.

टप्पा २: ॲपला मिळणारी माहिती आटोक्यात ठेवा

आपण काय शोधले, कोणत्या छायाचित्रावर किती वेळ थांबलो, काय कार्टमध्ये टाकून सोडून दिले, या प्रत्येक गोष्टीची नोंद होते. या नोंदींवरून पुढे कोणती वस्तू दाखवायची, कोणत्या वेळी सूचना पाठवायची आणि सोडलेल्या कार्टची आठवण केव्हा करून द्यायची हे ठरते. ही यंत्रणा पूर्ण बंद करता येत नाही, तरी तिचा जोर पुष्कळ कमी करता येतो.

खरेदीच्या आठवड्यापुरत्या सर्व खरेदी ॲपच्या सूचना बंद कराव्यात. अँड्रॉइड फोनच्या गोपनीयता विभागातील जाहिरातींच्या पर्यायात जाऊन जाहिरात ओळख क्रमांक काढून टाकावा. आयफोनमध्ये ॲपने “ट्रॅक करू द्यावे का” असे विचारल्यावर नकार द्यावा. पहिली शोधाशोध शक्य तर ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता करावी. दरांची तुलना करताना मात्र प्रत्येक ठिकाणी घराचा एकच पिनकोड टाकावा, कारण विक्रेता, डिलिव्हरीचा खर्च आणि उपलब्धता पिनकोडनुसार बदलते. दोन वेगळ्या पिनकोडवरचे दर शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो.

सावधान: “दर पाहण्यासाठी मोबाइल नंबर द्या” असे म्हणणाऱ्या जाहिरातीत नंबर देऊ नये. पुढचे कित्येक दिवस फोन येत राहतात आणि निर्णय घाईने होतो.

टप्पा ३: यादी, क्रमवारी आणि परीक्षणे वाचताना

शोधाच्या निकालात सर्वांत वर आलेली वस्तू सर्वोत्तम असते असे गृहीत धरणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. वरच्या अनेक जागा पैसे देऊन घेतलेल्या असतात. “प्रायोजित” किंवा “स्पॉन्सर्ड” हा शब्द बारीक, फिकट अक्षरांत तेथेच लिहिलेला असतो. तो शोधून त्या वस्तू पहिल्या फेरीत वगळाव्यात. त्यानंतर पहिल्या टप्प्यातील आकडे फिल्टरमध्ये भरून यादी तीन ते चार मॉडेलांवर आणावी.

येथून पुढे कंपनीच्या नावापेक्षा पूर्ण मॉडेल क्रमांकावर काम करावे. एकाच मालिकेतील दोन एसींच्या क्रमांकात एखाद्या अक्षराचाच फरक असतो, पण एकात कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) तांब्याचा आणि दुसऱ्यात ॲल्युमिनियमचा असू शकतो. काही कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे आणि दुकानांसाठी वेगळे मॉडेल क्रमांक ठेवतात. त्यामुळे “ऑनलाइन एवढ्याला मिळतो” असे दुकानात सांगितले तरी “ते मॉडेल वेगळे” हे उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा खरेही असते. म्हणून दोन्ही मॉडेलांचे तपशील ओळीने लिहून मगच दराची तुलना करावी.

परीक्षणांत पाच तारे आणि एक तारा देणाऱ्यांपेक्षा दोन ते चार तारे देणाऱ्यांचे लेखन अधिक उपयोगी पडते, कारण त्यांनी सहसा वस्तू वापरलेली असते आणि गुणदोष दोन्ही सांगितलेले असतात. क्रमवारी “सर्वांत नवे आधी” अशी लावावी. एकाच आठवड्यात एकसारख्या शब्दांत आलेली स्तुती बाजूला ठेवावी. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. तरीही परीक्षण कोणी व कशाच्या मोबदल्यात लिहिले याची शहानिशा वाचकालाच करावी लागते.

टप्पा ४: खरी किंमत काढा

खोडलेला छापील दर आणि त्याखालचा ठळक सवलतीचा दर यांतील फरक म्हणजे आपली बचत नव्हे. छापील दर ही उत्पादकाने ठरवलेली कमाल मर्यादा असते. त्या दराने वस्तू प्रत्यक्षात क्वचितच विकली जाते. मोठा आकडा आधी दिसला की त्यानंतरचा कोणताही आकडा लहान वाटतो, यासाठीच तो तेथे ठेवलेला असतो. वहीत छापील दर लिहूच नये.

त्याऐवजी प्रत्येक मॉडेलसाठी एक स्तंभ आखून वस्तूचा दर, डिलिव्हरी, बसवण्याचा खर्च, पूरक साहित्य आणि वापराचा खर्च लिहावा. एसीच्या बाबतीत बसवण्याचा खर्च हे सर्वांत मोठे भगदाड असते. “इन्स्टॉलेशन मोफत” असे लिहिलेले असले, तरी ठराविक लांबीपलीकडची तांब्याची पाइप, बाहेरच्या युनिटचा स्टँड, पाण्याची नळी, भिंतीला भोक पाडणे आणि जुना एसी काढणे यांचे पैसे तंत्रज्ञ घरी आल्यावर सांगतो. तेव्हा एसी दारात असतो आणि नकार देण्याची सोय उरलेली नसते. म्हणून प्रत्येक बाबीचा दर आधी लेखी मागवावा. व्हॉट्सॲपवर आलेला संदेशही पुरावा म्हणून चालतो.

वापराच्या खर्चाचा हिशेब घरच्या बिलावरून करावा. बिलाची एकूण रक्कम, म्हणजे इंधन अधिभार आणि वीज शुल्क धरून येणारा आकडा, एकूण युनिटांनी भागावी. हा भागाकार बिलावर छापलेल्या युनिटच्या दरापेक्षा वास्तवाच्या अधिक जवळ असतो. एसीच्या ऊर्जा लेबलवरील वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा, तीन ताऱ्यांच्या एसीवर १,००० आणि पाच ताऱ्यांच्या एसीवर ७५० युनिट लिहिले आहेत, आपला दर युनिटमागे ७ रुपये पडतो आणि दोन्ही एसींच्या किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे. वर्षाला खरोखर १,६०० तास वापर असेल तर १,७५० रुपये वाचतात आणि फरक साडेचार वर्षांत भरून निघतो. वापर फक्त एप्रिल ते जूनमध्ये रात्रीचा, साधारण ८०० तास असेल, तर वर्षाला ८७५ रुपयेच वाचतात आणि फरक भरून निघायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे “पाच तारेच घ्या” हा सल्ला दिवसाही एसी चालणाऱ्या घराला योग्य आहे. सर्वांना तो सारखा लागू होत नाही.

लेबलवर त्याचा कालावधीही छापलेला असतो, तोही पाहावा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या निकषांत कमी भरू शकतात. सणात भरघोस सवलतीत निघणारा माल कधीकधी असा जुना साठा असतो. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वीच्या दराशी तुलना करून कोणी “मोठी सवलत” सांगत असेल, तर त्यातील कराचा भाग वेगळा काढावा.

तपासणी: प्रत्येक स्तंभाची बेरीज झाली का? झाली असेल तर बहुधा सर्वांत कमी “ऑफर दर” असलेले मॉडेल बेरजेत सर्वांत स्वस्त राहिलेले नसते.

टप्पा ५: पैसे कसे द्यायचे ते शोरूममध्ये जाण्याआधी ठरवा

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून येथे घाई करू नये. पैसे देण्याची पद्धत जितकी सहज, तितका माणूस अधिक द्यायला तयार होतो. मासाच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी रोखीवाल्यांच्या सुमारे दुप्पट बोली लावली होती. हप्त्यांची योजना यापुढचे पाऊल टाकते: ४२,००० रुपये हा आकडाच नाहीसा होतो आणि “महिना ७,०००” एवढेच समोर राहते.

“नो कॉस्ट ईएमआय” म्हणजे व्याज नाही, असा समज पक्का करून घेतलेले वाचक पुष्कळ आहेत. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते. क्रेडिट कार्डावर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. एसीची किंमत ४२,०००, सहा हप्ते आणि कार्डाचा व्याजदर वार्षिक १६ टक्के धरला, तर विक्रेता सुमारे १,८९३ रुपयांची सूट देतो, बँक उरलेल्या ४०,१०७ रुपयांवर तेवढेच व्याज लावते आणि हप्ता ७,००० रुपये येतो. येथपर्यंत बेरीज बरोबर जुळते. मात्र त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी घेते, तो सुमारे ३४१ रुपये होतो. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर मिळून आणखी २३५ रुपये जातात. एकूण ५७६ रुपये वाढले. त्याच दुकानात एकरकमी पैसे देणाऱ्याला १,५०० रुपयांची सूट मिळत असेल, तर हप्त्यांची खरी किंमत २,०७६ रुपये होते. घरात इतर निकडीचा खर्च असेल तर ही रक्कम देणे शहाणपणाचेही ठरू शकते, पण ती माहीत असताना दिलेली असावी.

म्हणून दुकानदाराला “छेल्लो भाव”, म्हणजे शेवटचा दर, विचारताना तो दोनदा विचारावा: आधी एकरकमी, मग हप्त्यांवर. क्रम उलटा केला तर एकरकमीचा दर सहसा मिळत नाही.

दुकानातील फायनान्सच्या टेबलावरून कर्ज घेत असाल तर सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे आणि सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. त्या एका ओळीवर दोन कर्जांची तुलना करता येते. कर्जासोबत जोडलेला विमा, ईएमआय कार्डाची फी किंवा सदस्यत्व नको असेल तर ते काढून नवे विवरणपत्र घ्यावे. डिजिटल कर्ज असेल तर कोणत्याही दंडाविना ते परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, हेही विचारून लिहून ठेवावे.

बँकेच्या सवलतीतही वरची मर्यादा पाहावी. “१० टक्के सूट, कमाल १,५०० रुपये” याचा अर्थ ४२,००० रुपयांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास सूट, दहा टक्के नव्हे. कॅशबॅक असेल तर तो खात्यात जमा होणार की त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये, हे वाचावे. वॉलेटमधील रक्कम पुढची खरेदी तेथेच करायला लावते, म्हणून बेरजेत ती धरू नये.

सावधान: वस्तू परत केली तरी हप्ते आपोआप बंद होतातच असे नाही. परतावा कार्डात जमा झाला तरी ईएमआय रद्द करण्याची विनंती बँकेकडे स्वतंत्रपणे करावी लागू शकते.

टप्पा ६: शोरूममध्ये

वस्तू हाताळणे, दार उघडून पाहणे, आवाज ऐकणे यासाठी शोरूमची फेरी आवश्यक आहे. ती कामाच्या दिवशी दुपारी करावी. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कोणालाच नीट उत्तरे मिळत नाहीत. अनेक कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या शोरूममध्ये आपल्याशी बोलणारी व्यक्ती बऱ्याचदा एकाच कंपनीने नेमलेली प्रतिनिधी असते. “आपण दुकानाचे की कंपनीचे?” असे सौम्यपणे विचारावे आणि दुसऱ्या कंपनीबद्दलचा तिचा अभिप्राय हिशेबात धरू नये. टीव्ही घेताना दुकानातील झगमगीत दृश्यावर जाऊ नये; नेहमीचा कार्यक्रम लावून, चित्राची सेटिंग घरासारखी करून पाहावे.

या फेरीत पैसे देऊ नयेत, टोकनही देऊ नये.

टप्पा ७: ऑर्डरचे पान

निर्णयानंतर एक रात्र जाऊ द्यावी आणि मगच कार्ट उघडावी. येथे घड्याळ उलटे चालू असते, “फक्त दोन शिल्लक” असे लिहिलेले असते, विम्याच्या चौकोनात आधीच खूण असते आणि विमा नाकारण्याच्या बटणावर “मला माझी वस्तू सुरक्षित नको” अशा धाटणीचे वाक्य असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांची यादी दिली आहे. खोटी निकड निर्माण करणे, न मागता कार्टमध्ये वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हे त्यांतले प्रकार खरेदीत वारंवार भेटतात. आधीच खूण केलेल्या चौकोनातून संमती घेण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही मनाई केली आहे.

पान वरून खाली एकदा संपूर्ण वाचावे. शेवटची रक्कम वहीतील बेरजेशी ताडून पाहावी. एक रुपयाचाही फरक असेल तर तो कशाचा हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर परतीच्या अटी पाहाव्यात, कारण मोठ्या उपकरणांवर अनेकदा पैसे परत न मिळता फक्त वस्तू बदलून मिळते, तीही तंत्रज्ञाने दोष मान्य केल्यावर. वस्तूचे पान, दर, अटी आणि शेवटची रक्कम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण ऑफर संपल्यावर ते पान तसेच राहत नाही.

वस्तूबरोबर एखादी मोफत चाचणी वर्गणी मिळत असेल आणि त्यासाठी कार्ड किंवा यूपीआयची आपोआप कपातीची परवानगी मागितली जात असेल, तर ती देऊ नये. दिलीच असेल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागातून ती लगेच रद्द करावी. आपोआप कपातीपूर्वी २४ तास आधी सूचना येणे आवश्यक असते, पण पाठोपाठ येणाऱ्या संदेशांच्या गर्दीत ती नजरेतून निसटते.

टप्पा ८: वस्तू घरी आल्यावर

ओटीपी सांगण्यापूर्वी खोक्यावरील मॉडेल क्रमांक वहीशी ताडावा. शक्य असेल तर उघडून दाखवण्याची डिलिव्हरी निवडावी. नसेल तर खोके फोडण्यापूर्वीपासून अखंड चित्रीकरण करावे, ज्यात पत्ता, सीलबंद कडा आणि आतील अनुक्रमांक स्पष्ट दिसतील. मोबाइल असेल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. बिलावर जीएसटी क्रमांक, तारीख आणि वस्तूचा अनुक्रमांक असावा. दुकानदार “बिल नंतर पाठवतो” म्हणाला तर वस्तू स्वीकारू नये.

वस्तू पहिल्याच दिवशी चालवून पाहावी. दिवाळीत घ्यायचा म्हणून घेतलेला एसी मार्चपर्यंत खोक्यात ठेवला, तर परतीची मुदत संपते आणि वॉरंटीचे काही महिनेही बिलाच्या तारखेपासून मोजले जाऊन वाया जाऊ शकतात.

टप्पा ९: तक्रारीची वेळ आली तर

आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. केवळ फोनवर बोलून थांबू नये. ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत बोलता येते. हेल्पलाइन समेट घडवते, निकाल देत नाही.

तेथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे विक्रेत्याचे कार्यालय बंगळुरूला असले तरी वडोदऱ्याच्या आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीला बिल, सातव्या टप्प्यातील स्क्रीनशॉट, आठव्या टप्प्यातील चित्रीकरण, बसवण्याच्या दरांचा व्हॉट्सॲप संदेश आणि विक्रेत्याला पाठवलेली पहिली लेखी तक्रार, तारीखवार क्रम लावून जोडावी.